ग्रुपवरचं पाणी

...आणि वर मलाच विचारतात, "नाना, तुम्ही ते डिलीट केलंच का?" आता का म्हणजे काय? मला वरून फोन आला, मी केलं. मी आपला ॲडमिन!

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, चाळीसगाव-धुळे म्हणू नका, जळगाव म्हणू नका, दोरी एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की निघायची, दुनियेत तिसरी घंटी नव्हती. रिटायर झालो आणि गावानं परस्पर ठरवलं की झुलाल नानाला आता काम नाही, करा त्याला व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं की तुमच्यातलाच कोणीतरी हे सगळं आमच्या ग्रुपवर टाकील. ग्रुपवर माणसं तीनशे अठरा आणि ॲडमिन दोन. एक मी, दुसरे नवलभाऊ. नवलभाऊ म्हणजे सरपंच. म्हणजे सरपंच त्यांच्या सौभाग्यवती, पण सही बाईंची आणि आवाज भाऊंचा, तुमच्याकडेही असेलच असं काहीतरी...

तर एका सकाळी प्रमिलाबाईनं ग्रुपवर फोटो टाकला. प्रमिलाबाई आमच्या गावची आशाताई. बारा वर्षं झाली, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही, आणि वहीत अख्खं गाव: कोणाचे दिवस भरत आले, कोणाचं बीपी वाढलं, कोण गोळ्या घेतो म्हणतो आणि उकिरड्यावर टाकतो. फोटो कशाचा? काचेच्या पेल्यात नळाचं पाणी. रंग उसाच्या रसासारखा म्हणावा तर रसवंतीवाला माझ्यावर केस करील. आणि खाली तीन ओळी. गावची टाकी आठ महिन्यांत धुतलेली नाही. खालच्या गल्लीत अकरा पोरांना जुलाब लागलेत. पाणी उकळून प्या. संपलं. कोणाचं नाव नाही, शिवी नाही, शेवटी हात जोडलेलं चित्र.

पाच मिनिटांत नवलभाऊंचा फोन. "नाना, ते पाणी काढा."

मी विचारलं, कुठलं? तर म्हणे, ग्रुपवरचं. आता टाकीतलं काढायचं सोडून ग्रुपवरचं काढायला सांगणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तसं मी त्यांना स्पष्ट म्हटलं... मनात. तोंडानं म्हटलं, हो भाऊ. काय करणार, मी आपला ॲडमिन!

केलं डिलीट. मला वाटलं, पुसलं की पुसलं. पण ह्या फोनची जात किती चुगलखोर ते तुम्हाला सांगतो! पाणी गेलं आणि त्या जागी आलं, 'हा मेसेज ॲडमिन झुलाल यांनी डिलीट केला.' नावासकट! नवलभाऊंचं कुठं काही नाही. आणि मग गाव जे सुटलं, की काय होतं हो, कसलं होतं, कोणाचं लफडं होतं का? ज्यांनी सात जन्म तो फोटो पाहिला नसता, ते फोटो सेव्ह केलेल्यांच्या घरी जाऊन बघून आले.

दुपारी प्रमिलाबाई आमच्या ओट्यावर. मला वाटलं, आता भांडण. आमची कमल तर ऐकायला सोयीचं म्हणून शेंगा निवडत दारातच बसली. पण बाईचा आवाज चढला नाही. विचारलं, "नाना, मी खोटं लिखं का?" मी म्हटलं, नाही. "कोनले शिवी दिधी का?" म्हटलं, नाही. मग म्हणाली, "तुम्ही कंडक्टर व्हतात. गाडीमा कोनी म्हनं, बिरेक लागत नही, तर तुम्ही त्याले खाले उतारतात, का डायव्हरले सांगतात?"

सांगा आता! एकतीस वर्षांत लोकांनी मला काय काय विचारलं, पण ह्या प्रश्नाला कुठलं तिकीट फाडायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. मी चपलेचा अंगठा बघत बसलो. ती उठून गेली. कमल आत जाताना एवढंच म्हणाली, "शेंगासुद्धा तुमच्यापेक्षा बोलतात."

दुसऱ्या दिवशी बाईनं तोच पेला पुन्हा टाकला, ताजं पाणी भरून. नवलभाऊ म्हणाले, तिलाच काढा. काढलं. मग लोक विचारायला लागले, आशाताई कुठं गेल्या, तर नवलभाऊ म्हणाले, सगळ्यांचीच तोंडं बंद करा. ती सोय असते फोनमध्ये, एक बटण, की मग फक्त ॲडमिननं लिहायचं आणि तीनशे पंधरा माणसांनी वाचायचं. दाबलं मी. गाव गप्प झालं, आणि माझ्या ओट्यावर लाईन लागली! आमची म्हैस सुटलीय नाना, टाका. गिरणी उद्या बंद आहे, टाका. सासूची तब्येत बरी आहे, लोक विचारतात, टाका. मी एका बोटानं टाइप करणारा माणूस, म्हैस लिहून होईपर्यंत म्हैस घरी यायची.

आणि प्रमिलाबाई काय करत होती? रडत बसली? तक्रार केली? छे. दोन पेले घेतले, एकात नळाचं पाणी, एकात उकळून गाळलेलं, आणि दारोदार निघाली. दोनशे ऐंशी घरं, सहा दिवस, चाळीसगाव तालुक्याचं ते एप्रिलचं ऊन! प्रत्येक दारात दोन पेले ठेवायचे आणि विचारायचं, पोराले कोनतं देशीन? बस, भाषण नाही. सातव्या दिवशी गावात एक चूल अशी नव्हती जिच्यावर पाण्याचं पातेलं नाही. ग्रुपवर काढलं म्हणून बाई थांबली नाही, तिला फक्त चालावं जास्त लागलं. मी खिडकीतून बघायचो, तुम्हाला खरं सांगतो, लाज वाटायची, आणि लाजेच्या वर अभिमान वाटायचा, आणि बटण काही उघडायचो नाही. मी आपला ॲडमिन!

आता खरी गोष्ट ऐका.

एका दुपारी दीड वाजता फोन वाजला, बघतो तर ग्रुपवर नवलभाऊंनी फोटो टाकलेला. औषधाचं कार्ड. वर नाव, दिपमाला. त्यांची मुलगी, बावीस वर्षांची, घरूनच चाळीसगावला कॉलेजात जाते. खाली आजाराचं नाव, टीबी. कार्डाखाली लिहिलेलं, 'तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा.' मी समजलो, धुळ्याला त्यांच्या साडूंना पाठवायचं ते बोट घसरून गावाला गेलं! पोरीची सोयरीक मुक्ताईनगरकडं ठरत आलेली. भाऊंना फोन लावला, तर फोन चार्जिंगला आणि भाऊ जेवून आडवे. आणि गंमत कशी, ग्रुप बंद! एवढ्या माणसांनी पाहिलं, पण 'भाऊ, हे चुकून आलं' एवढं लिहायची कोणाला सोय नाही. बंद करायला कोणी लावला होता?

काढता मला येत होतं. एक बोट. पण खोटं कशाला बोलू तुमच्याशी... बोट थांबलं. मनात आलं, राहू दे की. त्यांनीच टाकलंय, त्यांनीच निस्तरावं, आपण कोण? फार वेळ नाही, दहा मिनिटं असेल. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात प्रमिलाबाई. धावत आलेली, पदर घामानं चिंब. ग्रुपात ती नव्हतीच, तिला कळलं छगनकडून. छगन म्हणजे मागच्या निवडणुकीत नऊ मतांनी पडलेला माणूस, अजून ती नऊ घरं शोधतोय. त्यानं कार्डाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि तिलाच आनंदानं दाखवला, की ताई, तुम्हाला ग्रुपातून काढलं ना, आता बघा गंमत.

बाई म्हणाली, "नाना, ते काढा."

मी म्हटलं, "बाई, परवा म्हणत होतात काढू नका, आज म्हणता काढा. घंटी एक की दोन, ते तरी सांगा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "पानी बठ्ठा गावनं शे, नाना. दुखनं पोरनं शे."

तुम्हाला सांगतो, सगळ्या गावाचं काय आणि एकट्या पोरीचं काय, ह्याच्यावर मोठमोठे लोक टीव्हीवर तासतास बोलतात, काय लिहू द्यावं, काय लिहू देऊ नये, आणि जाहिराती लागेपर्यंत कोणाला काही कळत नाही. माझं बोट तिचं वाक्य संपायच्या आत चाललं.

मग मला घेऊन ती छगनकडं. छगन ओट्यावर, फोन हातात, एकदम खुशीत. म्हणाला, ताई, तुमच्यासाठीच जपून ठेवलंय, मुक्ताईनगरला पाठवतो, भाऊची मान कशी खाली जाते बघा. बाईनं पिशवीतून वही काढली, मांडीवर ठेवली. उघडली नाही हो, नुसती ठेवली.

"छगनभाऊ, ह्या वहीमा बठ्ठं गाव शे. बारा वरीसमा एक तरी पान बाहेर गयं का?"

छगन म्हणाला, नाही.

"तुमनं पान बी शे."

छगननं एकदा वहीकडं पाहिलं, एकदा आत स्वयंपाकघराकडं पाहिलं, जिथं त्याची बायको भाकरी थापत होती, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मलाच वाटलं, पाणी द्यावं. पुसला त्यानं फोटो. मग डिलीट केलेले फोटो जिथं महिनाभर पडून राहतात ना, तिथूनही काढला, आम्हाला दाखवून.

वाटेत मी हळूच विचारलं, की बाई, ही धमकी नाही का झाली? तर चालता चालता म्हणाली, त्यानं फोटो पुसला नसता, तरी मी त्याचं पान उघडणार नव्हते. "पन ते माले माहीत शे, त्याले नही."

संध्याकाळी दिवेलागणीला नवलभाऊ माझ्याकडं आले. सगळं कळलेलं. मला म्हणाले, चला. प्रमिलाबाईच्या दारात गेलो. ज्या माणसाचा आवाज पंचायतीतून बसस्टँडवर ऐकू येतो, तो माणूस चपला काढून उंबऱ्याशी उभा. हळूच म्हणाले, "तुम्हाला काढायला मीच सांगितलं होतं."

ती म्हणाली, "माहीत शे." आणि लगेच विचारलं, दिपमाला जेवली का, सकाळी तिला मळमळत होतं.

तेव्हा मला उमगलं. त्या पोरीच्या गोळ्या ही बाई दोन महिने रोज सकाळी मागच्या दारानं जाऊन तिच्या हातावर ठेवत होती. रोज! ज्या दिवशी तिचा पेला डिलीट झाला त्या दिवशीही, ज्या दिवशी तिला ग्रुपातून हाकललं त्या दिवशीही. त्या घरचं गुपित तिच्या पिशवीत होतं आणि ती उन्हात पेले घेऊन फिरत होती. नवलभाऊंनी डोळे पुसले. मी दुसरीकडं बघितलं. तेवढं मलाही कळतं.

तिसऱ्या दिवशी टाकी धुतली. नवलभाऊ स्वतः शिडी चढले. आत काय काय निघालं ते सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. खालच्या गल्लीतली पोरं आता धुळीत लोळतात, म्हणजे बरी आहेत. मुक्ताईनगरच्यांना दिपमालानं स्वतः फोन केला, आईबापांच्या देखत. औषधं सहा महिन्यांची आहेत, थांबायचं असेल तर थांबा, असं सांगितलं. ते थांबलेत. पुढचं पुढं. पण सांगितलं ते तिनं, तिच्या तोंडानं, तिला वाटलं तेव्हा.

ग्रुप उघडला. बाईला परत घेतलं, आणि मी हात जोडून सांगितलं की आता मला सोडा. गावानं एकमतानं प्रमिलाबाईला ॲडमिन केलं. तिनं एकच अट घातली: ज्याचं काही डिलीट करीन, त्याच्या घरी जाऊन कारण समोर सांगीन. पाठीमागून कोणाचं तोंड बंद करायचं नाही. टाळ्या पडल्या, सगळ्यात जोरात माझ्या.

आणि पहिलं डिलीट कोणाचं झालं असेल? माझं! धुळ्याच्या एका जुन्या दोस्तानं पाठवलं होतं, कांद्याचा रस कानात घातला की गुडघे दुखायचे राहतात, मी आपलं लोककल्याण म्हणून पुढं ढकललं. बाई आली, ओट्यावर बसली, हे खोटं कसं ते अर्धा तास समजावलं. पटलं मला. परवा लिंबाचं पाठवलं, पुन्हा आली. काल ग्रहताऱ्यांचं पाठवलं, पुन्हा आली... येते, बसते, चहा होतो, पटतं. एका महिन्यात चौदा वेळा! कमल म्हणाली, एक तर पाठवणं बंद करा, नाहीतर साखर तुम्ही आणा.

आता साखर मीच आणतो.