नारळाऐवजी चेंडू

आदरणीय अध्यक्ष निशिकांतराव, प्रमुख पाहुण्या विभाताई, पुण्याला कायमचे परत निघालेले आजचे सत्कारमूर्ती प्रबोधराव आणि टॅम्पिनीसपासून चोआ चू कांगपर्यंत शहरभरातून आलेल्या, मंडळातल्या माझ्या माणसांनो,

आधी खुशाली. निशिकांतराव, गुडघा काय म्हणतो? विभाताई, साखर आटोक्यात आहे ना? मग त्या जिलबीकडे बघू नका. आणि प्रबोधराव, तुमचं मनगट? बॅट फार घट्ट धरायची सवय तुमची, म्हणून विचारलं.

मी मनोहर. क्वीन्सटाउनला मुलाकडे राहतो. बेसबॉल मला कुणी शिकवला नाही. पहाटे चहा घेत अमेरिकेतले सामने बघितले, तेवढीच माझी शाळा.

आत्ता वाचलेल्या मानपत्रात प्रबोधरावांना 'ऐतिहासिक हंगामाचे शिल्पकार' म्हटलंय. बरोबरच आहे. खेळाडूंना मानधन देणाऱ्या आपल्या लीगचा तो पहिला हंगाम, आणि शेवटचाही. प्रबोधराव चोआ चू कांग संघाचे मॅनेजर, आणि स्वतः खेळायचेही. माझी नात आर्या त्यांची चेंडू टाकणारी. अर्धा हंगाम तिने समोरच्यांना नाचवलं. मग एक दिवस हे म्हणाले, "काका, पुढे मोठे सामने आहेत. पोरीवर कशाला भार?" त्यांनी तिला काढलं, ती टॅम्पिनीसच्या संघाकडे गेली. अंतिम सामन्यात समोर कोण? तीच!

मी मात्र यांच्याच संघाला शिकवत राहिलो. एकच घोकून घेत होतो: फटका मारला की बॅट टाका आणि पळा, तळाला, म्हणजे बेसला, पाय लागला पाहिजे. प्रबोधराव हसायचे. "काका, मी जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलोय."

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसऱ्या तळावर आमचा माणूस. प्रबोधरावांनी फटका मारला आणि बॅट घेऊन धावले! मी ओरडतोय, "टाक रे ती!" यांनी काय करावं? लांबूनच पहिल्या तळावर बॅट टेकवली आणि शतक ठोकल्यासारखे हसत उभे राहिले. पाय हातभर मागे. तेवढ्यात आर्याने तिच्या गड्याने उचलून फेकलेला चेंडू झेलला आणि तळावर पाय ठेवला. पंच म्हणाले, "आउट!"

"अहो, बॅट टेकली होती!"

पंच चिनी काका, शांतपणे इथल्या इंग्रजीत म्हणाले, "अंकल, धिस वन नॉट क्रिकेट, लाह."

हसलात? मीही हसलो असतो. पण पुढच्याच दिवाळी संमेलनात, याच माइकवरून, प्रबोधरावांनी सांगितलं की आर्याने पाय आडवा घातला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. जेवणाच्या रांगेत बायका बोट दाखवून विचारत होत्या, "हीच का ती?" पोरीने ग्लोव्ह कपाटात टाकला, तो अजून तिथेच आहे. मी भांडायला निघालो तर म्हणाली, "आजोबा, लीव्ह इट, लाह."

तिने सोडलं. मी नाही सोडलं.

काय म्हणालास, प्रबोध? "काका, आता जाऊ द्या ना"? अरे, जातोयस तू! आम्ही इथेच आहोत. ती इथेच आहे, त्या शेवटच्या रांगेत. मागे वळून बघू नका कुणी, आधीच खूप बघून झालंय.

आता सत्कार. शाल अध्यक्ष देतील. श्रीफळ माझ्याकडे होतं, पण नारळ विमानात नेऊ देतात की नाही कोण जाणे. म्हणून हा चेंडू आणलाय, त्याच सामन्यातला. घे, लाजू नकोस. हा हातात घेऊन फोटो काढू. पुण्यात दिवाणखान्यात ठेव. पाहुणे विचारतीलच, "हा कुठला?" प्रत्येकाला नवी गोष्ट सांगताना तुझी दमछाक होवो, हा माझा आशीर्वाद.

विभाताई, सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. कुणाला शब्द लागला असेल तर म्हाताऱ्याला माफ करा. एकाला लागावा म्हणूनच बोललो, तेवढा मात्र राहू द्या.

आणि प्रबोध, सुखरूप पोहोच, आईला नमस्कार सांग. पोहोचल्यावर मंडळाला एकच ओळ लिही: 'बॅट टेकली होती, पाय टेकला नव्हता.' पुढच्या संमेलनात मी ती इथूनच वाचीन. लवकर लिही, बाबा. पोरगी अजूनही चांगला चेंडू टाकू शकते.