तिसऱ्या नंबरची भैरवी

हसू नका, पण किहीमच्या गणपतीत भैरवी तिसऱ्या नंबरवर घालणारा तबलजी मीच. गाणी ठरलेली नऊ, आणि मला रेवसहून पाचची लाँच गाठायची होती. यादी लिहायचो मी. बुवा डोळे झाकून त्याच क्रमाने गायचे. भैरवी झाली म्हणजे मैफल संपली, म्हणून लोक उठले आणि चहाकडे वळले. बुवांनी यादीची घडी करून खिशात टाकली.

टांग्यानं रेवसला पोचलो, तर लाँच ओहोटीनं गाळात रुतलेली!

"भरतीला तीन तास हायत," लाँचवाला म्हणाला.

बुवांनी धक्क्यावरच पेटी उघडली, यादी पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "काढ तबला. सहा राहिलीत."