हातभारची सातवी सही

—नाही, नाही, बसा हो. मी हसले ते तुम्हाला नाही, त्या पंधरा दिवसांना हसले. पंधरा दिवसांत फार तर लग्न होतं, संस्था होत नाही. स्वरूपा ना नाव तुमचं? हिंजवडीहून भोसरीला आलात म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकमध्येच गेला असणार, तेव्हा आलाच आहात तर नीट ऐकून जा. कॅब ड्रायव्हरांचे डोळे तपासता, चष्मे देता—चांगलं काम आहे, मी रोज रस्त्यावर असते, माझ्या तर फायद्याचंच आहे. पण हे पाच विश्वस्त लिहून आणलेत ना—पाचही एकाच कंपनीतले? एकाच टीममधले? उद्या टीमला उचलून कॅनडाला पाठवलं, मग? इथे सह्या कोण करणार, ड्रायव्हर?

नाही, विश्वस्त बदलता येतो. कोण नाही म्हणतंय? माणूस सोडून गेला, वारला, भांडला—सगळं चालतं. पण बदल झाला की तीन महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं, आणि ते मंजूर होईपर्यंत वाट बघायची. आधी तिथली नोंदणी. मग संस्थेचा पॅन, बँकेत खातं. मग इन्कम टॅक्सकडे दोन अर्ज—एक बारा-ए, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून, दुसरा ऐंशी-जी, म्हणजे देणाऱ्याला सूट मिळावी म्हणून. लोक दोन्हींत घोळ करतात. पहिला आपल्यासाठी, दुसरा दुसऱ्यासाठी, एवढं ध्यानात ठेवा. आणि ऑडिट दरवर्षी. वर्षभर काही केलं नसलं तरी दरवर्षी. काही केलं नाही हेसुद्धा कळवावं लागतं, हो. आणि कोणाच्या स्वतःच्या खात्यात देणग्या घेऊ नका—आत्ता घेताय? कोणाच्या, तुमच्या? बरं. बंद करा. ज्योतीरामचं हेच झालं होतं.

ज्योतीराम म्हणजे 'हातभार'वाला. माहीत नाही? बरोबर, तुम्हाला कशाला माहीत असेल, तुमच्याकडे कीबोर्ड आहेत. इकडे प्रेस आहेत, पॉवर प्रेस. वरून दणका येतो आणि पत्रा वाकतो—हात आत राहिला तर तोही. लातूरकडचा पोरगा, कंत्राटावर लागलेला, उजव्या हाताची बोटं गेली. दवाखान्यातनं सुटला तो घरी नाही गेला, दुसऱ्या वॉर्डात गेला, तिथे अजून एक जण होता तसाच, त्याच्याशेजारी जाऊन बसला. काही बोलला नाही म्हणे. बसला नुसता. पुढे तेच काम झालं त्याचं. कोणाचा हात गेला की जायचं, बसायचं, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे कागद करून द्यायचे, डाव्या हाताने बटण लावायला शिकवायचं. खुर्चीला शर्ट घालतात आणि शिकवतात. हसू नका—तुम्ही लावून बघा रात्री घरी, एका हाताने, आणि मग मला फोन करा.

तर एका कंपनीने सांगितलं, आम्ही व्यायामाची यंत्रं देतो, हाताची, पण संस्था नोंदलेली पाहिजे. यांची नोंदणीच नव्हती. लोक दहा-वीस जे काय देत ते ज्योतीरामच्या खात्यात. माझ्याकडे आला. मी म्हटलं, सोसायटी करू, पण सात जण लागतील. सात माणसं तर होती त्याच्याकडे, सातच्या वर होती, पण नाव लावायला कोणी तयार नाही. कंत्राटदाराने संस्थेच्या फळ्यावर नाव वाचलं तर उद्या गेटवरून परत पाठवेल, अशी भीती. खोटी नव्हती ती. फिरून फिरून सहा झाले. सातवा मिळेना.

सातवा म्हणजे तसा एक होता. भोसरीतच राहायचा, मूळचा मावळातला. त्याचा फक्त अंगठा राहिला होता उजव्या हाताला. हात कायम खिशात. घरात पण खिशात—बनियन आणि फुल पॅन्ट, उन्हाळ्यात, कारण लुंगीला खिसा नसतो. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याची बायको संस्थांचे कागद करायची, ती म्हणायची जा की त्यांच्यात, तर म्हणायचा, लुळ्यांची पंगत ती, मी न्हाई जात. ज्योतीराम दर रविवारी यायचा त्याच्याकडे. तो आला की हे उठून आतल्या—म्हणजे तो उठून आतल्या खोलीत जायचा. मग ज्योतीराम बाहेरच बसायचा, चहा घ्यायचा, बायकोशी दोन शब्द बोलायचा, आणि जाताना आतल्या दाराकडे बघून म्हणायचा, येतो बरं का खंडूभाऊ. पुढच्या रविवारी परत हजर. चिवट माणूस.

पाणी घ्या ना. गार आहे.

मग दादासाहेब आले. इथलेच आहेत, खोल्या आहेत त्यांच्या बऱ्याच, भाड्याने देतात कामगारांना, शब्दाला वजन आहे. हात धडधाकट. म्हणाले, सातवा मी. वर संस्थेला खोली फुकट देतो, कार्यालयात ओळख आहे, कागद पळेल. फक्त घटनेत लिहा, अध्यक्ष तहहयात मी, आणि माझ्यानंतर माझा मुलगा. आता हे बघा स्वरूपाताई, तुमच्या त्या इंटरनेटवरून उतरवलेल्या घटनेत पण असलंच एक कलम आहे, मी मघाशी वाचलं. काढून टाका. एकदा घटना नोंदली की ती बदलायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात माणूस कंटाळून मरतो, पण तहहयातवाला मरत नाही. मी ज्योतीरामला सांगितलं हे. तो म्हणाला, ताई, मला कळतंय, पण यंत्रं येतील ना? दमला होता हो. दवाखान्यातली पोरं रोज विचारायची, कधी येणार.

तर सगळे इथे जमले, याच टेबलाशी. सहा जण आणि दादासाहेब. अर्ज तयार. त्या दिवशी मी डबा विसरले होते घरी. खरंच विसरले होते, अशा बघू नका. दादासाहेबांनी पेन उघडलं आणि ज्योतीरामच्या सहीकडे बघितलं—डाव्या हाताची आहे ती, पावसात सापडलेल्या मुंगीसारखी—आणि म्हणाले, "मोनिका, ह्यांच्या हातून काय होणार गं? एका धड सहीचे वांधे. मी आहे म्हणून कागद हलेल." वाईट हेतूने नाही म्हणाले. ते असंच बोलतात, नातवाशी पण. पण सहाच्या सहा जणांनी हात टेबलाखाली घेतले. एकदम. कोणी सांगितल्यासारखं.

आणि दारातून आवाज आला, "कुठं करायची सही?"

नवरा. माझा. हो, तोच तो—तुम्हाला मघाशीच कळलं होतं, तुम्ही बोलला नाहीत, चांगल्या घरच्या आहात. डबा घेऊन आले होते. एका हातात डबा, एक खिशात. मी म्हटलं, इथं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि खिशातला हात काढला. मी घरात राहते त्यांच्याबरोबर, आणि मी तो हात दिवसाउजेडी, असा टेबलावर, पहिल्यांदा बघितला. पेन अंगठा आणि तळव्यात धरलं. पडलं. मी वाकले उचलायला, तर ज्योतीराम म्हणाला, "ताई, राहू द्या." त्यांच्यात नियम आहे तसा, दुसऱ्याचं पडलेलं उचलायचं नाही. मी माझे हात मांडीखाली घेऊन बसले, लहान पोरीसारखी. परत उचललं, परत पडलं. खाली वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू होता तोही नेमका बंद पडला. मग लिहिलं त्यांनी. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पूर्ण. मी म्हटलं छोटी केली तरी चालेल, तर माझ्याकडे बघितलं नुसतं. ज्योतीराम म्हणाला, "सात झाले बघा." दादासाहेब म्हणाले, मग खोलीचं माझ्याकडून जमणार नाही. गेले. चहा मात्र पूर्ण पिऊन गेले.

खोली रंगरावांनी दिली. त्यांच्या शेडचा मागचा भाग. संस्थेला पत्ता लागतो, जागामालकाची ना-हरकत, वीजबिलाची प्रत—ते तुम्ही पण बघून ठेवा. रंगराव त्या सहांतले सगळ्यात वडील. मग पुण्याला गेलो कार्यालयात, तर तिथे एका कागदावर सहीशेजारी डावा अंगठा पाहिजे. रंगरावांना नाही. कारकून म्हणाला, "मग उजवा द्या." रंगराव म्हणाले, "तो त्याच्याही आधी गेलाय, साहेब." कारकुनाने बघितलं. मग मागे उभ्या सगळ्यांकडे बघितलं. माणूस बिचारा चांगला, आत जाऊन विचारून आला, म्हणाला, जे बोट असेल ते चालेल, फक्त कोणतं ते शेजारी लिहा. मग लिहिलं—डावी करंगळी, उजवी तर्जनी, असं. शाईचा पॅड पुढे सरकवायला तो स्वतः उठून आला टेबलाच्या अलीकडे. शेवटी विचारलं त्याने, संस्थेचं नाव काय? ज्योतीराम म्हणाला, हातभार. कारकून बराच वेळ लिहीतच होता.

झाली नोंदणी. मग इन्कम टॅक्सचं अडलं, खजिनदाराची सही पॅनवरच्या सहीशी जुळेना. खजिनदार म्हणजे आमचे हेच. पॅनवरची सही बोटं होती तेव्हाची. बदलून मिळते ती, तसा अर्ज असतो. त्याला करेक्शन म्हणतात. असो. यंत्रं आली, ऐंशी-जी आलं, ऑडिट वेळेवर जातं. आणि हे आता दवाखान्यात जातात, ज्योतीरामसारखे. बटणं शिकवतात पोरांना. त्यांची बटणं मी लावायचे हो, रोज सकाळी, एवढ्या काळात तेवढाच काय तो हात लागायचा त्यांना—तेव्हा खाली मान घालून उभे राहायचे, आणि मी लावायचे, वरपासून खालपर्यंत. मग एक दिवस शर्ट घालून तयार होऊनच बाहेर आले. मी वा वा केलं. आणि मोरीत जाऊन रडले. आनंदाने नाही हो. आनंदाने रडले असते तर तुम्हाला सांगितलं असतं की आनंदाने. हे कशाला सांगतेय मी तुम्हाला? तुम्ही चष्म्यांचं विचारायला आलात.

तर सांगायचं काय, सात नको, पाचच ठेवा, ट्रस्ट करा, पण दोन जण इथलेच घ्या. ड्रायव्हरच घ्या एखादा. का नाही? सही येते की त्याला. आणि—थांबा हं, फोन. ज्योतीरामचा.

हां, बोला. —कुठे, चाकणला? —प्रेसच का? —डावा. बरं. —वय? —बायको आहे जवळ? नीट ऐका, तिला सांगा, कंत्राटदाराचा माणूस कागद घेऊन येईल, म्हणेल भरपाईचं आहे, कशावरही सही करायची नाही. अंगठा पण नाही. मी येईपर्यंत नाही. —हे निघाले का? —कधीच? मला नाही कळवलं. —बरं. निघतेच.

नाही, तुम्ही नका येऊ. तुम्ही काय करणार तिथे? बसायला जमतं का तुम्हाला, काही न बोलता? नाही जमत, मलाही नाही जमत. सोमवारी या, नावं ठरवून या, आपसात भांडून घ्या आधी. उठा आता. —अहो, ग्लास राहू दे, उठा, मला कुलूप लावायचंय.