कृष्णातमामांनी निवडलेलं गाणं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या फौंड्रीचे मालक सन्माननीय विजयसिंहदादा, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती कृष्णातमामा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या बायडामामी, आणि पाळी संपवून थेट सभागृहात आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी धैर्यशील, दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर. भट्टीवरचं जे काही येतं ते मामांनी शिकवलं. त्यामुळं चार शब्द बोलायचा मान मला मिळाला, हे मी माझं भाग्य समजतो.

आपल्याकडं एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याला फेटा बांधताना त्याच्या आवडीचं गाणं लावायचं. कुणी भक्तिगीत सांगतं, कुणी लावणी. मामांचं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. कोल्हापूरच्याच पोरांचा 'वज्रदंत' नावाचा मेटल बँड, आणि त्यांच्या एकुलत्या एका कॅसेटमधली नऊ गाणी. त्यातलं आवडतं कुठलं, यावर कँटीनमध्ये पंचवीस वर्षं वाद झाले. मामा एकच म्हणायचे, "पोरांत कोन लाडकं, आसं इचारतात व्हय?"

आणि ही गाणी नुसती ऐकायची नव्हती बरं का. भट्टीच्या आतला थर झिजत गेला की तिचा आवाज चढत जातो. त्या आवाजाशी जुळेल तेच गाणं मामांच्या तोंडात यायचं. नवा थर असला की ते 'उभा कडा' गुणगुणायचे. आम्ही समजायचो, काळजी नाही. 'पायाखाली लाल' हे शेवटचं गाणं. ते त्यांच्या तोंडात आलं की भट्टी बंद करायची.

सहा वर्षांपूर्वी ते आलं, तेव्हा आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी भट्टीचं बूड फुटून लोखंडाचा रस बाहेर आला. सयाजी इथं पहिल्याच रांगेत बसलाय, कुबड्या खुर्चीखाली सारून. त्यानंतर ते गाणं मामांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

परवा संयोजकांनी मामांकडून आवडत्या गाण्याची चिठ्ठी घेतली. मघाशी फेटा बांधताना जे वाजलं, ते 'पायाखाली लाल' होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचे आभार. पण मागच्या रांगांकडं कुणी बघितलं का? भट्टीवरच्या एकाही माणसाचे हात हलले नाहीत.

मी व्यासपीठाच्या पायरीवरच मामांना विचारलं, "मामा, हे कसलं आवडतं गाणं?"

ते म्हणाले, "आवडतं न्हवं रं. सोमवारपासनं दोन नंबरची भट्टी त्येच म्हनतीया. तीनदा सांगितलं की. कुनी ऐकंना. आज तरी समदी गप बसून ऐकतील, म्हनून दिलं लिहून."

दादा, मामा तुमच्या ऑफिसात आले होते, हे तुम्हाला आठवत असेल. ऑर्डर पुरी होऊ दे, थर दिवाळीत बदलू, असं ठरलं. मी दुसऱ्या कुणाला कशाला बोल लावू? मीसुद्धा त्यांना म्हणालो होतो, "मामा, मीटर तर बरोबर दाखवतंय. आता तुम्ही आराम करा." त्या वाक्याची मला आज लाज वाटते. आणि भीतीही वाटते.

पाच वाजता दुसरी पाळी सुरू होते. दोन नंबरवर सहा माणसं असतात. त्यांतली चार इथं बसलीत, दोघांच्या घरची मंडळीही आलीत.

मामा, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो. मामी, एवढी वर्षं तुम्ही त्यांचा डबा वेळेवर दिलात, तुमचे आभार. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी भलतंच बोललो असेन, तर लहान समजून पदरात घ्यावं. दोन नंबरची वीज ज्या पॅनेलवरून सुरू होते, त्याची चावी माझ्या खिशात आहे. भट्टी रिकामी करून आतला थर डोळ्यांनी बघेपर्यंत ती कुणी मागू नये, एवढीच हात जोडून विनंती.