अर्धे प्याले

मुलगी: छिन्नीला कशाला शिव्या देताय, बाबा? तिनं काय केलंय?

वडील: सटकली. बोथट झालीय मेली.

मुलगी: सकाळीच धार लावलीत. सबंध गल्लीला ऐकू आलं.

वडील: मग दगड भुसभुशीत असेल. हल्ली खाणीतून वाट्टेल ते येतं.

मुलगी: दगड तुम्हीच निवडलात, तीन ठिकाणी फिरून. आणि आता आईच्या नावातलं शेवटचं अक्षर गेलं. हा एवढा टवका उडालाय. हा दगड काही तिच्या थडग्यावर लागायचा नाही.

वडील: चाळीस वर्षं अख्ख्या कब्रस्तानाची नावं कोरली मी. एक काना चुकला नाही. आणि बायकोचं नाव आलं तेव्हाच नेमकं…

मुलगी: हात दाखवा इकडे.

वडील: हाताला काही झालेलं नाही.

मुलगी: तुम्ही कप उचललात की बशी वाजते, बाबा. स्वयंपाकघरातून ऐकते मी.

वडील: आज वाजत असेल. तीन आठवड्यांपूर्वी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा ट्रे मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. चाळीस प्याले द्राक्षरसाचे. एक थेंब सांडला? सांग ना, सांडला?

मुलगी: नाही.

वडील: साऱ्या मंडळीसमोर उभा राहिलो मी. म्हणालो, ख्रिस्तानं माझा हात धरला. साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आज त्यानं हात का सोडला? माझाच विश्वास तोकडा पडला असणार. गोळ्या बंद करायला मी दोन दिवस लावले, तिथंच चुकलं.

मुलगी: काय बंद केल्या?

वडील: गोळ्या. हात थरथरतो म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या. साक्ष द्यायची आणि मागच्या खोलीत जाऊन गोळ्या गिळायच्या, असलं ढोंग मला जमत नाही.

मुलगी: अहो बाबा! तीन आठवडे?

वडील: सोमवारपासून उपासही धरणार आहे.

मुलगी: उपासबिपास काही नको. तुम्ही आधी खाली बसा.

वडील: उभ्यानं ऐकू येतं मला.

मुलगी: त्या दिवशीचे प्याले मी भरले होते.

वडील: दर वेळी तूच भरतेस. तुझी आई गेल्यापासून.

मुलगी: अर्धे भरले होते.

वडील: म्हणजे?

मुलगी: म्हणजे अर्धे. हलले तरी सांडणार नाहीत इतकेच. त्याच्या आधीच्या महिन्यात शाळेतल्या बाईंच्या पांढऱ्या कपड्यांवर तुमच्या हातून रस सांडला. तेव्हापासून ट्रे तुमच्याकडून काढून घ्यायची कुजबुज चालली होती. मला बघवलं नसतं ते.

वडील: खोटं. माझा प्याला काठोकाठ होता.

मुलगी: तुम्ही सगळ्यांच्या शेवटी घेता, मेजावरचा. तो मी वेगळा भरून ठेवला होता. आणि ट्रेकडे तर सांडेल या धास्तीनं तुम्ही बघतच नव्हतात.

वडील: प्रभूच्या मेजावर लबाडी केलीस तू?

मुलगी: केली.

वडील: आणि मी उभा राहून त्याला चमत्कार म्हणत होतो, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होतीस?

मुलगी: तुम्ही उभे राहाल असं मला कुठं वाटलं होतं? उभ्या आयुष्यात तिथं कधी तोंड उघडलंत का? आणि बोलताना तुमचा चेहरा… आई गेल्यावर पहिल्यांदा तसा दिसला. कसं सांगणार होते मी?

वडील: थांब. म्हणजे चाळीस जणांनी अर्धा अर्धा प्याला घेतला.

मुलगी: हो.

वडील: म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मुलगी: प्रत्येकाला नसेल.

वडील: हातातला प्याला अर्धा आहे हे कळायला काय डिग्री लागते?

(चर्चचे पाळक दारात येऊन उभे राहतात.)

पाळक: जय ख्रिस्त, बंधू. येऊ का? आवाज रस्त्यापर्यंत येतोय तुमचा.

वडील: या, पाळकसाहेब. तुमचा प्याला किती भरलेला होता?

पाळक: मी उद्याच्या उपासनेविषयी बोलायला आलो होतो. बाहेरून पाहुणे येताहेत. तुमच्या साक्षीची कीर्ती त्यांच्यापर्यंत गेलीय.

वडील: किती भरलेला होता?

पाळक: अर्धा.

वडील: आणि व्यासपीठावरून आमेन म्हणालात.

पाळक: आधी वाटलं, रस कमी पडला असेल. तुम्ही बोलू लागलात तेव्हा माझ्या लक्षात आलं. बायको जाऊन वर्ष झालेल्या माणसाला मी भर उपासनेत खाली बसवायचं होतं का? सर्वांनी प्रेमापोटीच मौन राखलं, बंधू.

वडील: कीव केलीत. प्रेम असतं तर एखादा तरी घरी येऊन म्हणाला असता, म्हाताऱ्या, शुद्धीवर ये.

मुलगी: पाळकसाहेब, त्या साक्षीपायी यांनी गोळ्या सोडल्यात.

पाळक: गोळ्या सोडल्या? हे मी कधी सांगितलं होतं?

वडील: आमेन म्हणालात ना? मला तेवढं पुरलं.

पाळक: चूक झाली माझी. उद्या आपण ते थोडं मोघम ठेवू. ‘प्रभू सांभाळतो’ एवढंच म्हणा. ते काही खोटं नाही.

वडील: मोघम नाही. हात बरा झालेला नाही, असं उभा राहून सांगणार आहे मी.

पाळक: मंडळीचा विश्वास डळमळेल.

वडील: अर्धा प्याला पिऊन डळमळला नाही, तो आता कशानं डळमळतोय?

पाळक: आणि पुढं? ‘बरा झालो नाही’ एवढं म्हणून खाली बसाल? त्यातून लोकांनी घ्यायचं काय?

वडील: हिची आई गेली. मागोमाग हात गेला. वर्षभर रोज सकाळी मी या स्टुलावर बसून प्रभूशी भांडलो. म्हटलं, ती नेलीस, निदान हात तरी दे, तिचं नाव कोरायचंय. नाही म्हणाला. परत मागितला. परत नाही. पण तो इथं होता, पाळकसाहेब. भांडायला तरी होता. आणि हे तीन आठवडे, हात मिळाला असं धरून चाललो, तर एकदा म्हणून इथं बसलो नाही. छिन्न्या परजत होतो. दोन थडग्यांची कामंसुद्धा घेऊन बसलोय. त्याची आठवणही आली नाही मला.

मुलगी: मग आता?

वडील: आता काय? हात नव्हता तेव्हा तो पुरत होता. तेवढ्यावर भागवायचं.

पाळक: यालाच तर समाधान म्हणतात, बंधू.

वडील: म्हणत असतील. मी काही हौसेनं मागितलेलं नाही. दुसरं काही उरलं नाही म्हणून घेतोय. आणि कडू लागतंय.

पाळक: हे उद्या असंच बोलाल?

वडील: असंच. पाहुण्यांना सोसत नसेल तर त्यांनी खिडकीबाहेर बघावं.

पाळक: बरं. आणि तो ट्रे…

वडील: तुमच्या जावयाला द्या. केव्हापासून डोळा ठेवून आहे.

पाळक: येतो मी. गोळ्या घ्या, बंधू. हे मात्र मी सांगतोय म्हणून घ्या.

मुलगी: गेले. रागावले वाटतं.

वडील: रागावू दे. त्यांना विश्रांती मिळेल जरा गोड बोलण्यापासून.

मुलगी: आणि आईचा दगड?

वडील: पलीकडच्या रस्त्यावरच्या त्याला सांग. माझ्याच हाताखाली शिकून माझ्याच नाकासमोर दुकान थाटलंय ना, त्याला. अक्षर बरं आहे त्याचं. वेलांटी जरा फेंगडी काढतो, तेवढं मी शेजारी बसून बघेन.

मुलगी: सहा वर्षं तुम्ही त्याच्याशी बोलत नाही.

वडील: म्हणून तर तू सांग म्हणतोय.

मुलगी: माझ्यावर रागावलात?

वडील: खूप. बरेच दिवस राहील.

मुलगी: राहू दे. पाणी आणते, गोळी घ्या.

वडील: आण. आणि उद्या सकाळी जरा लवकर ये. शर्टाची बटणं लावून दे.

मुलगी: इतके दिवस कोण लावत होतं?

वडील: कोणी नाही. वरून कोट चढवायचो.

मुलगी: साक्षीच्या दिवशी?

वडील: त्या दिवशीसुद्धा.