मागच्या खोलीत कोण राहतं?

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि हॅदरली वकील मंडळाचे प्रमुख श्री. गार्साइड, व्यासपीठावर बसलेल्या नगराध्यक्ष श्रीमती एन्ट्विसल, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत आणि ज्यांना हा समारंभ मुळीच नको होता त्या मिस हिलरी ऑर्मरॉड, आणि चॅपलच्या या सभागृहात कोट अंगावर ठेवूनच बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी डेस्मंड रशवर्थ. चौतीस वर्षं या गावात घरं विकली. वकिलांच्या समारंभात दलालाला बोलायला लावणं ही अध्यक्षांची कल्पना. काही चुकलंच तर बोल त्यांना लावावा.

मिस ऑर्मरॉड एकोणचाळीस वर्षं घरांच्या खरेदीविक्रीचे कागद बघत आल्या. त्यांची फार स्तुती करण्याचा मला अधिकार नाही. कारण त्यातली बरीच वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत असे, "कुणाकडेही जा, पण औषधाच्या दुकानावरच्या त्या बाईंकडे जाऊ नका. त्या प्रश्न विचारतात." घर विकणाऱ्याला प्रश्न म्हणजे उशीर, आणि उशीर म्हणजे गिऱ्हाईक हातचं जाणं. आमच्या कंपनीचे ठरलेले वकील होते. दूर दक्षिणेत कुठेतरी. ते भराभर सह्या करत. मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी हॅदरली कधी पाहिलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग डेनीस सग्डन आली. आपल्या गावात बस चालवायची ती डेनीस. नवरा सोडून गेलेला, दोन मुली, आणि भाड्याची जागा महिनाअखेर रिकामी करायची नोटीस हातात. तिला पिंडर रस्त्यावरचं एक घर पसंत पडलं. मी तिच्यापुढे आमच्या वकिलांचा कागद सरकवला.

"हे कुठं बसतात?" तिने विचारलं.

"दोनशे मैलांवर. पण फोन आहे की."

"आणि काही बिघडलं तर भांडायला मी कुणाच्या दारात जाऊ? बस घेऊन जाऊ काय तिकडं?"

ती सरळ औषधाच्या दुकानावरचा जिना चढली. वकील निवडण्याबद्दल यापेक्षा शहाणं बोलणं मी अजून ऐकलेलं नाही. त्या दिवशी मात्र मला ते पटलं नव्हतं.

चारच दिवसांत मिस ऑर्मरॉडांचा फोन आला. "मिस्टर रशवर्थ, घराच्या तुमच्या जाहिरात-पत्रकात मागच्या खोलीचा फोटो नाही."

"अडगळीची खोली आहे, बाई."

"तुम्ही पाहिलीत?"

"दार बंद होतं."

"मग अडगळ आहे हे कुणी सांगितलं?"

"मालकांनी. नॉर्मन क्रॅब्ट्रींनी. घरात दुसरं कुणी राहत नाही असं त्यांनी फॉर्मवर लिहूनही दिलंय."

"मालकांना घर विकायचं आहे," बाई म्हणाल्या. "गुरुवारी दोन वाजता किल्ली घेऊन या."

वकिलाने स्वतः घर बघायला जायची पद्धत आमच्याकडे नव्हती, आजही नाही. बाई बसने आल्या. बस डेनीसच चालवत होती, तिथेच तिची पाळी संपली. नॉर्मन कामावर गेलेला. आम्ही तिघं वर गेलो आणि बाईंनी मागच्या खोलीच्या दारावर टकटक केली. रिकाम्या खोलीच्या दारावर! मला हसू आलं.

आतून आवाज आला, "उघडंच आहे."

खिडकीशी एक ऐंशीच्या घरातली बाई टबात पाय सोडून बसली होती. शेजारी रेडिओवर क्रिकेट चाललेलं. तिने आमच्याकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "रंगारी तुम्हीच का? बाई पण आल्यात की! बरं झालं. नॉर्मन म्हणाला होता पुढच्या महिन्यात येतील. मला दोन आठवडे वृद्धाश्रमात राहायचंय म्हणे, रंगाचा वास जाईपर्यंत."

डेनीसने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

ती ऑलिव्ह क्रॅब्ट्री, नॉर्मनची आत्या. मिस ऑर्मरॉड पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा विचारत गेल्या. किती वर्षं राहता? अकरा. आधी कुठे होतात? स्वतःचं छोटं घर होतं, टेकडीवर. त्याचं काय केलंत? "विकलं की. हे घर घ्यायला नॉर्मनला पैसे कमी पडत होते. म्हणाला, आत्या, मरेपर्यंत खोली तुझी."

बाई म्हणाल्या, "मिस क्रॅब्ट्री, मी तुमची वकील नाही. हे घर घेऊ पाहणाऱ्या या बाईंची वकील आहे. म्हणून मी तुम्हाला सल्ला देणार नाही. फक्त एवढंच सांगते, आम्ही रंगारी नाही. तुम्ही स्वतःचा वकील बघा. आजच." आणि एका चिठ्ठीवर दोन नावं लिहून दिली.

म्हातारीने पाय टबातून काढले, टॉवेलने पुसले, सावकाश मोजे चढवले. मग रेडिओ बंद केला. "नॉर्मनला सांगितलंत का तुम्ही आलात ते?" एवढंच तिने विचारलं.

जिन्यावर डेनीस भडकली. "मी तुम्हाला घर मिळवायला नेमलं होतं हो, घालवायला नाही! पोरींना घेऊन जाऊ कुठं आता?"

"घर तुमच्या नावावर झालं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि त्या खोलीतून त्यांना तुम्ही हलवू शकला नसता. त्यांचे पैसे या घरात आहेत आणि त्या इथेच राहतात, म्हणून कायदा त्यांच्या बाजूने असता. नसता, तरी तुम्ही हलवलं असतं का?"

डेनीस पायरीवर बसली. मग म्हणाली, "नाही."

बाहेर फुटपाथवर बाईंनी मला विचारलं, "घराचं मोजमाप घेतलंत त्या दिवशी आतून काही ऐकू आलं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

मंडळी, ऐकू आलं होतं. रेडिओ चालू होता. दाराला कान न लावताही धावसंख्या कळत होती. मी टेप गुंडाळली आणि पत्रकावर 'अडगळ' लिहिलं. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे. मिस ऑर्मरॉड होकारार्थी मान हलवताहेत, म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तो व्यवहार मोडला. ऑलिव्हबाईंच्या वकिलाने त्यांचं नाव घराच्या कागदांवर चढवून घेतलं. पुढे सहा वर्षं त्या त्याच खोलीत राहिल्या. नॉर्मन दुसरीकडे राहायला गेला आणि आत्याशी बोलणं टाकलं. दर रविवारी जेवायला मात्र यायचा आणि न बोलता दोनदा वाढून घ्यायचा. डेनीसने मुलींना घेऊन भावाच्या बैठकीच्या खोलीत पाच महिने काढले. त्या पाच महिन्यांत बाईंबद्दल ती काय काय बोलली ते चॅपलमध्ये, देवाच्या घरात, सांगता येणार नाही. नंतर तिने कालव्याकाठचं घर घेतलं. कागद कुणी बघितले, हे तुम्हीच ओळखा. ती तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आजही म्हणते की पिंडर रस्त्यावरचं स्वयंपाकघर जास्त चांगलं होतं.

दोन वर्षांनी मला माझ्या घरावरचं कर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत न्यायचं होतं. आमच्या कंपनीचे वकील मला ते फुकट करून देणार होते. मी औषधाच्या दुकानावरचा जिना चढलो. बाईंनी पिंडर रस्त्याचा विषय काढला नाही. फॉर्म पुढे केला. घरात आणखी कोण राहतं, त्या ओळीवर मी सासूबाईंचं नाव लिहिलं, अगदी ठळक अक्षरात.

"त्यांच्याशी बोललात?" बाईंनी विचारलं.

"त्यात काय बोलायचं? घरात राहणाऱ्यांची हरकत नाही अशी सही तर हवी बँकेला."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "मग बोलून या."

मी घरी गेलो. सासूबाई चौदा वर्षं आमच्याकडे होत्या. त्यांच्या समोर बसून मी सगळं सांगितलं आणि विचारलं, तुमची काही हरकत आहे का? त्यांनी विचार करायला तीन दिवस घेतले. तीन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. चौथ्या सकाळी त्या चष्मा लावून आल्या, प्रत्येक ओळ वाचली, सही केली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाई गं, या घरात आज मला पहिल्यांदा कुणीतरी काही विचारलं."

मिस ऑर्मरॉड, आपले आभार. आयोजकांचे, चहा करणाऱ्या भगिनींचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचेही आभार. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल किंवा वेळेचं भान सुटलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. मी माझी जागा घेतो.