सरांनी बघितलेली धावपट्टी

तुम्ही लिहून घेताय ना, मग सगळ्यात आधी भास्कर सरांचं नाव लिहा. माझं नंतर लिहिलंत तरी चालेल. मी काशिनाथ, सूर्यमाळच्या वरच्या पाड्यातला, आईबाप भात-नागली करणारे, घरातला पहिला पदवीधर, आणि आज माझ्याकडे विमान चालवायचा परवाना आहे, हे जे काही आहे ते त्या एका माणसामुळे. पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल, हा पोरगा कृतघ्न निघाला. वाटू दे. पण नाव पहिलं त्यांचंच.

सातवीत मी शाळा सोडली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे हाल, आयस अर्धा डोंगर उतरून हंडे आणायची, बापूस वीटभट्टीवर, मग मी म्हटलं आपण आता आश्रमशाळेत परत जायचंच नाही. तर आमच्या शाळेतले हे भास्कर सर जव्हारहून आले, जीप जिथं थांबते तिथून पुढं चालत आले, आणि आमच्या अंगणात बसून बापसाला म्हणाले, याला मला द्या. बापूस म्हणाला, न्या सर, तसाही खातो जास्त आणि काम कमी. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून कॉलेज होईपर्यंत मी सुट्टी सोडली तर सरांच्या घरी जेवलो. सरांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणतो, त्यांनी मला वाढताना कधी हात आखडला नाही.

विमानाचं वेड पण सरांनीच लावलं. आमच्यावरून मुंबईकडं जाणारी विमानं जातात, उंचावरून, बारीक. एकदा वर्गात सरांनी विचारलं, तिथून आपला पाडा कसा दिसत असेल रे? मी म्हटलं, सर, दिसतच नसेल. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, बरोबर आहे, पण खात्री कशी करणार, कोणीतरी जाऊन बघून यायला पाहिजे. काय सांगू तुम्हाला, ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की बीएस्सी झाल्यावर सरकारची पायलटची योजना निघाली तेव्हा सरांनी फॉर्म समोर ठेवला आणि मी काही न विचारता सही केली. बाकीचा फॉर्म त्यांनीच भरला.

परवाना मिळाला. नोकरी नाही मिळाली. हे लोकांना कळत नाही, परवाना म्हणजे नोकरी नव्हे. मोखाड्याच्या बाजारात मला बघितलं की जीपवाले ओरडायचे, काय पायलट, आज मागं लटकून का, पुढं बस की, स्टिअरिंग देतो. आयस विचारायची, तुझं विमान ठेवतात कुठं. मी म्हणायचो, माझं नाही गं आये. मग ती म्हणायची, मग एवढं शिकलास कशाला.

पण मला खरी आवड शिकवायची होती. मी पहिल्यांदा एकटा उडालो ना, त्या दिवशी माझे इन्स्ट्रक्टर धावपट्टीच्या कडेला उजव्या सीटवरून उतरले, दार लावलं, काचेवर दोनदा थाप मारली आणि पाठ फिरवून चालत गेले. मागं वळून पण बघितलं नाही. एवढा भरवसा! मी तेव्हाच ठरवलं, एक दिवस आपण उजव्या सीटवर बसायचं. शिकणारा डावीकडं बसतो, शिकवणारा उजवीकडं. त्याच इन्स्ट्रक्टरनी एक गोष्ट हाडात भिनवली होती. उडायच्या आधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या नळीत काढायचं आणि उजेडात धरायचं. पाणी असेल तर खाली बसतं. ते म्हणायचे, मी बघितलंय असं कोणीही सांगू दे, मी सांगितलं तरी तू परत बघायचं. मी एकदाही चुकवलं नाही. त्यांचं मी विमानापुरतं ऐकलं.

तर इन्स्ट्रक्टर व्हायचं तर परत प्रशिक्षण. आदिवासी विकास खात्याने मदत द्यायचं कबूल केलं, पण ती एकदाच मिळते, आणि जागा एकदा कळवली की बदलता येत नाही. माझ्यापुढं दोन ठिकाणं होती. एक मध्य प्रदेशातला जुना फ्लाइंग क्लब. तिथल्या मुख्य इन्स्ट्रक्टर मॅडमना फोन केला तर त्या फटकन म्हणाल्या, पहले आकर देखो. दो दिन हँगर में बैठो, बच्चों से बात करो, कितने जहाज उड़ते हैं गिनो, फिर बताना. आणि वर, नंबर लागायला सहा महिने लागतील. दुसरं ठिकाण म्हणजे एक नवी अकादमी, नाव नाही घेत. तिचं पत्रक सरांनी आणलं. सरांना तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणाले, काशिनाथ, इथंच जा, मी स्वतः जाऊन बघून आलोय, धावपट्टी काय आहे रे, तीन-तीन विमानं एका वेळी हवेत.

आता इथं मला आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल शिकलेला माणूस आणि एवढा येडा कसा. आमच्याकडं दुसऱ्याच्या घरचं भाताचं बी घेतलं की ते राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, पेरायच्या आधी पाण्यात टाकतात. पोकळ दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे, भरीव खाली राहतात. पण मामाच्या घरचं बी आलं तर ते पाण्यात टाकत नाहीत. तसंच पेरतात. पाण्यात टाकलं म्हणजे मामावर संशय घेतला. माझ्या आत्याने एकदा टाकलं होतं, तर तिचा मामा दोन वर्षं दारात आला नाही. आणि सरांचं घर आम्हाला मामाचं घर. बापूस दर साली सरांच्या गावच्या शेताच्या तुकड्यासाठी आमचं बी पाठवतो, काकू ते कधी पाण्यात टाकत नाहीत. हे दोन्ही घरांना माहीत आहे, बोलायला लागत नाही.

मी बापसाला म्हटलं, बाबा, मी एकदा जाऊन बघून येऊ का. बापूस कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. मान वर न करता म्हणाला, सरांनी बघितलंय ना? म्हटलं, हो. मग तू काय वेगळे डोळे घेऊन जाणार आहेस पोऱ्या?

नाही गेलो. अकादमीचं नाव कळवून टाकलं. मॅडमना फोन करून जागा नको म्हटलं, त्या म्हणाल्या, देख के आए? मी हो म्हटलं. खोटं बोललो. सरांचे डोळे ते माझेच डोळे, असं मनाला सांगितलं.

पहिल्याच दिवशी हँगरमध्ये गेलो. तीन विमानं होती, खरं आहे. एकाला इंजिन नव्हतं. दुसऱ्याच्या चाकांत हवा नव्हती आणि पंखावर चिमणीचं घरटं. तिसरं उडायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, त्याच्यापुढं वीस पोरांची रांग. आणि इन्स्ट्रक्टरला शिकवणारा इन्स्ट्रक्टर वेगळा लागतो, त्याला वेगळी परवानगी असते, तो मी यायच्या आधीच सोडून गेला होता. नवा कधी येणार विचारलं तर, आजच बोलणं झालंय. हे आजच बोलणं झालंय मी चौदा महिने ऐकलं. त्या चौदा महिन्यांत मी उजव्या सीटवर एकदाही बसलो नाही.

तरी मला सरांचा राग आला नाही, हे लिहा. मला वाटलं, सर येऊन गेले तेव्हा सगळं चांगलं असेल, नंतर बिघडलं असेल. फोनवर मी सरांना कधी सांगितलं नाही. उलट म्हणायचो, चाललंय सर, छान आहे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

मग वार्षिक समारंभ आला. पाहुणे कोण, तर भास्कर सर. गेटवर अकादमीची गाडी थांबली, सर उतरले, नवा कोट, मी वाकून पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, इकडं तिकडं बघितलं, आणि मला विचारलं, काशिनाथ, धावपट्टी कुठल्या बाजूला रे?

हँगर समोर होता. त्याच्या मागं धावपट्टी. एकदा आलेला माणूस हे विसरू शकत नाही, तिथं दुसरं काही नाहीच, नुसता माळ.

मी हात करून दाखवलं. मग स्टेजवर त्यांना शाल दिली आणि माइकवर सांगितलं, आमचे आदिवासी विभागाचे सल्लागार, यांच्यामुळे पालघरच्या डोंगरातली मुलं आपल्याकडे येतात. मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

जेवणाच्या वेळी मी सरांना बाजूला घेतलं. म्हटलं, सर, तुम्ही आधी आला नव्हता ना? सर ताटातला भात कालवत राहिले. मग म्हणाले, अरे त्यांनी मला सगळे फोटो दाखवले होते, व्हिडिओ दाखवला, ते बघितलं म्हणजे बघितलंच की. मग म्हणाले, निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मला कोणी साधं झेंडावंदनाला बोलावलं नाही, काशिनाथ. यांनी गाडी पाठवली. आणि वर म्हणाले, तुझं होईल रे, थोडी कळ काढ.

महिनाभराने मी ते ठिकाण सोडलं. खात्याची मदत संपली ती संपली. मॅडमना फोन केला, खरं सांगितलं, की तेव्हा मी न बघता हो म्हटलं होतं. खूप बोलल्या. मग म्हणाल्या, आ जाओ, जमिनीवरचे, म्हणजे थिअरीचे, वर्ग घ्यायला माणूस हवाय, बदल्यात थोडं उडायला मिळेल, नंबर शेवटून लागेल. तिथं आहे आता. नंबर पुढं सरकतोय हळूहळू. वय पण सरकतंय.

हे सगळं मी गिळून टाकलं असतं. पण आता सुट्टीला आलो तर मोखाड्याच्या स्टँडवर त्या अकादमीचा फलक. माझा फोटो, गणवेशातला, आणि खाली, डोंगरातला पहिला फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, आमचा विद्यार्थी. जीपवाले ओरडले, पायलट, आता तर तू भिंतीवर! दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. साखरशेतची एक मुलगी आहे, हुशार आहे, अकादमीत पाठवायला बापाचं मन होत नाही, तू फक्त जाऊन एवढं सांग, मी तिथं होतो, चांगलं आहे. माझं नको सांगू, तुझं सांग. तुझ्यावर त्यांचा विश्वास बसेल.

तेव्हा मात्र मला रडायला आलं. मी साखरशेतला गेलो. आणि मग सरांना पत्र लिहिलं. फोनवर मी त्यांच्यापुढं खरं बोलू शकत नाही, अजून नाही. पत्राची माझ्याकडची प्रत ही, जशी आहे तशी उतरवून घ्या.

तीर्थस्वरूप सर,
साष्टांग नमस्कार.

साखरशेतला जाऊन आलो. मुलगी खरंच हुशार आहे. तिने मला विचारलं, दादा, ढगात शिरल्यावर खाली-वर कसं कळतं? तुम्ही असता तर खूश झाला असता. तिच्या वडिलांना मी सांगितलं की कुठलीही जागा कळवण्याआधी मुलीला घेऊन तिथं दोन दिवस बसा, विमानं मोजा, शिकणाऱ्या पोरांशी बोला. माझ्याही शब्दावर जाऊ नका, असं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? मी म्हटलं, दाखवा. तुमचं नाव मी घेतलं नाही. फलकावरचा इन्स्ट्रक्टर मी अजून झालेलो नाही, हेही सांगितलं. तो फलक काढायला सांगा, एवढी विनंती.

सर, तुम्ही खोटं बोललात याच्यापेक्षा, मी आयुष्यात ज्या एका माणसाला तपासलं नाही तो तुम्ही होता, हे मला जास्त लागलं. तरी मला घरातून उचलून नेलं ते तुम्हीच. ते मी विसरणार नाही, आणि हेही विसरता येत नाही. दोन्ही घेऊन राहतोय.

उजव्या सीटवर बसेन त्या दिवशी पहिला फोन तुम्हालाच करीन.

काकूंना नमस्कार सांगा. बाबांनी नेहमीप्रमाणे भाताचं बी दिलं आहे, पिशवी जव्हारच्या एसटीत कंडक्टरकडे देतो. घरचंच आहे, चांगलं आहे. पण या साली काकूंना सांगा, पेरायच्या आधी पाण्यात टाकून बघा.

आपला,
काशिनाथ